यवतमाळ जिल्ह्यातील गवती छपरे व शाकारणीची विद्या : शब्दांच्या साक्षीने एक विचार

१. विषयाची मांडणी

ग्रामव्यवस्थेच्या इतिहासाचे आपल्याकडील लेखन बहुतांशी नामांच्या आधारे झालेले आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी, गुरव अशी बलुतेदारांची नामावळी हाती घ्यावी, प्रत्येकाचे काम, हक्क व बलुते सांगावे आणि त्यांतून गावगाड्याचे चित्र उभे करावे, ही पद्धती त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने अभ्यासकांच्या परिचयाची केली. या पद्धतीने पुष्कळ साधले आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात एक उणीव स्वभावतःच राहून जाते. ज्या कामाला जात नाही आणि ज्या कारागिराला रूढ नाव नाही, ते काम तिच्या दृष्टीस पडत नाही. गवताने घर शाकारण्याचे काम हे अशा कामांपैकी एक प्रमुख काम होय.

बलुतेदारांच्या याद्या प्रदेशपरत्वे थोड्याफार बदलतात. परंतु त्यांच्या रूढ याद्यांत शाकारणाऱ्याला स्थान नाही. वस्तुतः सुताराने खांब उभे केले, तुळई बसविली, तरी तेवढ्याने घर होत नाही. मृग नक्षत्राचा पाऊस अडवील असे छप्पर त्यावर चढले म्हणजेच ते घर होते. असे असता इतके आवश्यक काम करणारा मनुष्य याद्यांत का नसावा? हे काम क्षुद्र होते म्हणून नव्हे, तर ते सर्वांचेच होते म्हणून त्याची नोंद झाली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या विद्येचा पुरावा कारागिराच्या नावात सापडत नाही. तो क्रियापदांत, घराच्या अवयवांच्या संज्ञांत आणि म्हणींत साठविलेला आहे. तो वाचला असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गवत जाऊन कवेलू आले आणि कवेलू जाऊन टिन आले, तेव्हा छपराचे केवळ द्रव्य बदलले नाही. घर आणि श्रम यांचा संबंधच बदलला.

२. प्रदेश व साधनसामग्री

इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, त्याचा बराचसा भाग पूर्वी वणी (वून) जिल्हा या नावाने ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसदचा भाग त्याला जोडण्यात आला. वर्धा व पैनगंगा या नद्यांमधला हा प्रदेश छपराच्या दृष्टीने भाग्यवान होता. डोंगराळ भागात साग व बांबू, माळरानांवर उंच वाढणारी गवते, आणि काळ्या जमिनीत कापूस, तूर व ज्वारी अशी येथील साधनसामग्रीची विभागणी आहे.

तीनुसार घराचेही भाग पडतात. खांबांना साग, वाशांना बांबू, भिंतीच्या कुडाला पऱ्हाटी, तुराटी किंवा बांबूचे तट्टे, वर शेणमातीचे लिंपण, आणि छपराला गवत. बांधण्यासाठी अंबाडीचा किंवा पळसाच्या मुळांच्या तंतूंचा दोर. ज्वारीचा कडबा मात्र सहसा घरावर चढत नसे. तो गुरांचा आहार होता, आणि कुणब्याच्या घरी गुरांचा वाटा छपरापेक्षा मोठा मानला जाई. धान पिकविणाऱ्या कोकणात घर पेंढ्याने शाकारीत. यवतमाळात ते रानातल्या गवताने शाकारावे लागे. हा भेद महत्त्वाचा आहे. कोकणातल्या शेतकऱ्याचे छप्पर त्याच्या स्वतःच्या शेतात उगवे, तर यवतमाळच्या शेतकऱ्याचे छप्पर गावाच्या सामाईक माळावर उगवे. पुढे जे घडले, त्याचे मूळ पुष्कळ अंशी येथेच आहे.

जिल्ह्यातील वस्तीही एकजिनसी नाही. कुणब्यांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे, कोलामांचे पोड, गोंड, परधान व आंध यांच्या वस्त्या असे अनेक थर येथे शेजारी नांदतात. कोलामीत घराला 'एल्ला' म्हणतात, गोंडीत 'रोन'. ही दोन्ही रूपे, तेलुगूतील 'इल्लु'प्रमाणेच, एकाच द्राविडी मूळ शब्दापासून आल्याचे बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात दाखविले आहे. म्हणजे एकाच माळावरचे गवत कापून, जवळजवळ एकाच रीतीने छप्पर घालणारे लोक घराला मात्र दोन भाषाकुलांतील शब्दांनी संबोधीत आलेले आहेत. विद्या सामाईक आणि नावे वेगळी, अशी ही स्थिती आहे.

३. अवयवांच्या संज्ञा

मराठीतील गृहसंज्ञांकडे वळू. छपराचा तिरपा आधार तो वासा. हा शब्द संस्कृत 'वंश' म्हणजे बांबू यापासून आला आहे. आज सागाच्या वा लोखंडाच्या तिरप्या दांडीलाही आपण वासा म्हणतो. परंतु शब्दाने आपले मूळ द्रव्य सोडलेले नाही. 'मोठे घर पोकळ वासा' ही म्हण बांबूच्या वाशाला अनुलक्षूनच अधिक अर्थपूर्ण ठरते. छपराच्या दोन उतरत्या बाजू ती पाखी. 'पाखे' हा शब्द 'पक्ष' म्हणजे पंख किंवा बाजू यापासून झालेला आहे. आधाराचा दुबेळका खांब ती मेढ. तिचे मूळ 'मेथि' या प्राचीन शब्दात आहे. कुडाची भिंत ती 'कुड्य' या शब्दाशी जोडली जाते. अथर्ववेदाच्या नवव्या कांडात शालेविषयी जे सूक्त आहे, त्यातील घर गवताने आच्छादलेले आहे आणि त्याच्या वर्णनात वंश हा शब्दही येतो. वैदिक शाला आणि कोलामांच्या पोडातील झोपडी यांत थेट संबंध जोडणे अशास्त्रीय होईल. परंतु बांबू, खांब आणि गवत यांच्या या रचनेची परिभाषा किती दीर्घकाळ टिकून आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

दोन पाखी जेथे मिळतात ते आढे, आणि पाखे जेथे भिंतीबाहेर संपते त्याखालची जागा ती वळचण. तेथून गळणाऱ्या धारा त्या पागोळ्या. आढे व वळचण ही जोडी मराठी मनात इतकी रुजलेली आहे की 'आढ्याचे पाणी वळचणीला' हा निसर्गक्रमाचा आणि 'वळचणीचे पाणी आढ्याला' हा अशक्यतेचा वाक्प्रचार झाला. याच क्रमात शाकारणीचे सगळे शास्त्र आहे. गवताची पहिली ओळ वळचणीशी बांधावयाची, तिच्यावर चढती दुसरी, असे करीत आढ्यापर्यंत जावयाचे. म्हणजे प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर पाणी टाकते आणि कोठेही सांधा उघडा पडत नाही. पाणी खाली वाहते, म्हणून काम वर चढत जाते.

हे काम एकट्याचे नव्हे. एक माणूस पाख्यावर आणि दुसरा आत, अशा जोडीने दोर वरून खाली व खालून वर ओवला जातो. दोघांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. हाकेवर काम चालते. पेंढी किती जाड, ओळीवर ओळ किती चढवावी, पाख्याला उतार किती द्यावा, हे सारे नजरेने ठरते. गवती पाख्याचा उतार साधारण ४५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. तो कमी झाल्यास पाणी काडीवरून घसरत नाही, आत मुरते आणि गवत कुजते. उतार योग्य असेल तर पावसात केवळ वरचा पातळ थर भिजतो व उघडीप मिळताच सुकतो. चुलीचा धूर गवतातून वाट काढीत बाहेर जातो आणि जाताना किडीला हुसकावतो. ज्या घरात चूल पेटत नाही, त्याचे छप्पर लवकर जाते, या अनुभवाचे कारण हेच होय.

आढे हा छपराचा दुबळा भाग. दोन्ही पाख्यांचे गवत तेथे संपते, म्हणून वर आडवा जाड थर देऊन तो बांबूच्या कांबींनी दाबावा लागतो. हे आढे उघडे पडले म्हणजे घराला 'चंद्रमौळी' म्हणावयाचे. छपरातून चंद्र दिसतो म्हणून शंकराचे नाव घराला देणाऱ्या या शब्दात दारिद्र्य, विनोद आणि श्रद्धा एकत्र आलेली आहेत. मराठीच्या शब्दसंपत्तीत गवती छपराची ही एक मोठी देणगी मानावयास हरकत नाही.

४. नाम नसलेला कारागीर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कुंभार म्हणजे कुंभकार, लोहार म्हणजे लोहकार, चांभार म्हणजे चर्मकार, सोनार म्हणजे सुवर्णकार. या सर्व नावांत वस्तू आणि करणारा यांचा प्राचीन समास गोठलेला आहे. शाकारणीला असा समास लाभला नाही. 'शाकारणे' हे जोमदार क्रियापद आहे, त्यापासून 'शाकारणी' हे भाववाचक नाम होते, 'शाकारणारा' हे धातुसाधितही व्याकरणाने सिद्ध होते. परंतु ते जातिनाम झाले नाही, बलुत्याचे मानकरी झाले नाही. ज्या कामाचा कर्ता दरवर्षी, दर घरी बदलतो, त्याच्या कर्त्याला भाषा कायमचे नाव देत नाही. वैशाख-ज्येष्ठात, नांगरट उरकल्यावर आणि पाऊस येण्यापूर्वी, शेजारी शेजाऱ्याच्या घरावर चढे आणि दोन दिवसांनी तो याच्या घरावर. शेतकामातील 'सावड' या संस्थेचेच हे घरावरचे रूप होय. येथे मजुरी नव्हती, म्हणून हिशेब नव्हता; हिशेब नव्हता, म्हणून दफ्तर नव्हते.

मराठी प्रदेशात शाकारणाऱ्याचे एक नाव मात्र सापडते, आणि त्याची कथा उद्बोधक आहे. ते नाव 'छप्परबंद'. त्यातील 'बंद' हा अंश फारसी आहे, 'नालबंद' या शब्दातील अंशासारखा. महसुली परिभाषेत 'छप्परबंद' याचा अर्थ गावात स्वतःचे घर असलेला, कायम रहिवासी कुळवाडी असाही होता. छप्पर हीच त्याच्या गावकीची खूण. दुसरीकडे दख्खनमधील एका समाजाचे ते नाव झाले. मोगल फौजांच्या छावणीसाठी झोपड्या उभारणे हे आपल्या पूर्वजांचे काम होते, अशी त्या समाजाची परंपरा सांगितली जाते. इंग्रजी अमलात पोलिसी वाङ्मयाने या समाजावर खोटी नाणी पाडणारे असा शिक्का मारला आणि तो गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या कक्षेत आला. १८७१ साली प्रथम झालेल्या त्या कायद्याची परंपरा १९५२ मध्ये संपुष्टात आली. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद हे नाव आहे. यवतमाळशी या समाजाचा विशेष संबंध नाही. परंतु शासनाच्या दफ्तरात छप्पर घालणाऱ्याचे नाव ठळकपणे आले ते गुन्हेगार म्हणून, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. नाव नसणे हा उपेक्षेचा एक प्रकार आहे. असे नाव मिळणे हा दुसरा.

याच संदर्भात 'छावणी' हा शब्द पाहावा. तो 'छादन' म्हणजे आच्छादन या कुळातला. हिंदीत 'छाना' म्हणजे छप्पर घालणे. मराठेशाहीत पावसाळ्यातील फौजेच्या मुक्कामाला छावणी म्हणत, कारण पावसाळ्यात आच्छादनाखाली राहणे अपरिहार्य होते. आज दुष्काळात गुरांसाठी जी 'छावणी' उघडली जाते, तिच्यात हाच शब्द नांदतो. आच्छादनाचा हा शब्द गवताच्या टंचाईचा शब्द व्हावा, हा अर्थपालट पुढील प्रकरणाशी जुळणारा आहे.

५. गवताचे वाटेकरी

माळावरचे गवत एक नव्हे. मारवेल गुरांना प्रिय, म्हणून ते छपरासाठी राखणे परवडत नसे. कुसळी गवत कोवळे असता गुरे खातात. पण पक्व झाल्यावर त्याची कुसळे तोंडात रुततात आणि चारा म्हणून त्याची किंमत उतरते. छपराचे गवत ते हेच. कार्तिक-मार्गशीर्षात बी झडल्यावर ते कापावे, झटकून कुसळे काढावी, वाळवून पेंढ्या बांधाव्या. वनस्पतिशास्त्र ज्याला एकच जाती मानते ते हेच गवत प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर 'पिली' या नावाने घरे शाकारण्यासाठी वापरले जात असे. पृथ्वीच्या दोन टोकांना, परस्परांशी काही संबंध नसलेल्या दोन लोकांनी एकाच गवताची एकच योग्यता ओळखावी, यावरून ही निवड किती सूक्ष्म निरीक्षणावर आधारलेली होती हे समजते. तिसरे गवत तिखाडी किंवा रोशा. त्याच्या उग्र वासामुळे गुरे ते टाळतात. त्याचे तेल काढून मुंबईमार्गे तुर्कस्तानकडे पाठविले जाई आणि तेथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. अशा रीतीने गाय, घर आणि बाजार हे गवताचे तीन वाटेकरी होते, आणि माळ मोठा होता तोवर तिघांचेही भागत होते.

माळ आकसला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व मागणी आली आणि पडीत जमिनी नांगराखाली गेल्या. पाठोपाठ वनखात्याने जंगलांचे वर्ग पाडले : एक इमारती लाकूड व सरपणाचा, दुसरा राखीव गवताच्या रमण्यांचा, तिसरा चराऊ रानांचा. 'रमणा' हा शब्द जुनाच. परंतु आता रमणा म्हणजे जेथे परवानगीवाचून विळा चालवता येत नाही ती जागा झाली. जे गवत कापणे हा दिनक्रम होता, ते हक्क, सवलत किंवा गुन्हा यांपैकी काहीतरी ठरू लागले. विदर्भातील महसुली व्यवहारात चराऊ जमिनीला आजही 'ई-क्लास' म्हणतात, आणि खेड्यातील निरक्षर म्हातारेही हा शब्द सहज उच्चारतात. माळाला रोमन वर्णमालेतील एका अक्षराने ओळखावे लागणे, हा सामाईक भूमीच्या इतिहासातील एक पूर्ण अध्याय आहे.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडला ग्रासले. अशा वर्षी छपराचे जुने गवत उतरवून गुरांपुढे टाकण्याची पाळी दख्खनमध्ये शेतकऱ्यांवर येत असे. घर आणि गुरे यांत निवड करावयाची वेळ आली, तेव्हा बैल वाचला तर पुढील साली घर पुन्हा शाकारता येईल, असा हिशेब होता. गवती छपराचे हे एक वैशिष्ट्य होय : ते संकटकाळी परत चारा होऊ शके. कवेलू आणि टिन यांना ही परिवर्तनीयता नाही.

६. कवेलू, टिन आणि 'कच्चे' घर

कवेलू ही कुंभाराची निर्मिती. चाकावर मातीची नळी घडवून, तिचे उभे दोन भाग करून भाजले म्हणजे नळीची कवेलू होतात. कवेलू आले तेव्हा छपरात प्रथमच नाव असलेला कारागीर शिरला आणि छप्पर विकत घेण्याची वस्तू झाले. तरीही मृगापूर्वी घरावर चढण्याचा प्रघात राहिला. सरकलेली कवेलू नीट करणे, फुटकी बदलणे हे काम घरचेच होते. येथे भाषेने एक मार्मिक गोष्ट केली. या नव्या कामालाही तिने जुनेच क्रियापद लाविले. कौलारू घरही 'शाकारले'च जाते. गवत गेले, परंतु गवताचे क्रियापद उरले. पुढे मंगळुरी कौले आली, ज्यांच्या उत्पादनाची सुरुवात बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे केली होती. आणि कारखान्याच्या मागोमाग नालीदार पत्रा आला, ज्याला विदर्भात टिन म्हणतात. टिन शाकारले जात नाही; ते 'ठोकले' जाते. क्रियापदाची परंपरा येथे तुटली.

या बदलाला अज्ञान वा अनुकरण म्हणणे अन्यायाचे होईल. गवती छपराला आग लागते आणि वैशाखातील वाऱ्यात एक घर पेटले की सारी वस्ती जाते. त्यात उंदीर, साप, विंचू राहतात. दोन-तीन पावसाळ्यांनी ते नवे करावे लागते, आणि त्यासाठी लागणारे गवत, मोकळे हात व शेजारधर्म ही तिन्ही दुर्मीळ झाली. ज्या बाईला भर पावसात गळक्या घरात लेकरू सांभाळावे लागले, तिने टिनाची इच्छा धरली तर तिला परंपरेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात टिनाखालचे घर दुपारी राहण्याजोगे उरत नाही, आणि गवताखालचे राहते.

प्रश्न आहे तो या दोन बाजू तोलण्यासाठी आपल्याजवळ शब्द कोणते आहेत हा. शासनाने 'कच्चे' आणि 'पक्के' ही जोडी स्वीकारली. कच्चे म्हणजे जे अद्याप पिकावयाचे आहे, अपुरे आहे. गवताच्या घरात राहणाऱ्यांच्या स्वतःच्या परिभाषेत असा भाव नाही. त्यांच्या दृष्टीने छप्पर जुने होते, झडते, नवे होते, पिकाप्रमाणे ऋतुचक्रात फिरते. ते अपूर्ण नाही, आवर्ती आहे. २०११ च्या जनगणनेत छपराच्या द्रव्यांची जी वर्गवारी आहे, तीत हाताने केलेली कौले आणि यंत्राने केलेली कौले असे दोन वेगळे वर्ग आहेत. परंतु गवत, बांबू, लाकूड व माती हे सर्व एकाच वर्गात कोंबलेले आहेत. विकत मिळणाऱ्या वस्तूत सूक्ष्म भेद आणि रानातून येणाऱ्या वस्तूंची सरमिसळ, असा हा दृष्टिकोन आहे. या वर्गवारीवरून कुसळीचे घर आणि पाल्याची खोप यांतील अंतर कोणासही कळणार नाही.

इंदिरा आवास योजना (१९८५), तिच्या जागी आलेली प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण (२०१६), आणि कोलामांसारख्या विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेले प्रधानमंत्री जनमन अभियान, या सर्वांचे उद्दिष्ट पक्के घर हे आहे. त्या घराला मराठीत 'घरकुल' म्हणतात. हे उद्दिष्ट न्याय्य आहे. परंतु ज्या कोलामांचा बांबूकामाचा हात जिल्ह्यात प्रसिद्ध आहे, त्यांचे ज्ञान घरकुलाच्या आराखड्यात कोठेही शिरत नाही, आणि ज्याच्या घरावर तो स्वतः कधी चढला नाही असा एक नवा घरमालक तयार होतो.

७. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, शाकारणीचा इतिहास जातींच्या यादीत शोधू नये. तो क्रियांच्या यादीत शोधावा. आमच्या विद्यार्थ्यांनी या दृष्टीने तीन कामे हाती घ्यावी असे सुचवावेसे वाटते. पहिले, पांढरकवडा, मारेगाव, झरी व घाटंजी या भागांत वऱ्हाडी, कोलामी, गोंडी व बंजारा या चारही बोलींतील छपराच्या अवयवांची आणि विशेषतः क्रियापदांची समांतर सूची करावी : कापणे, झटकणे, पेंढी बांधणे, ओळ चढविणे, दोर ओवणे, आढे दाबणे यांना कोण काय म्हणतो हे प्रत्यक्ष कामाच्या वेळी ऐकून लिहावे. दुसरे, गवतांची स्थानिक नावे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांबरोबर माळावर जाऊन नमुन्यांसह निश्चित करावी. एकाच नावाखाली दोन गवते आणि एकाच गवताला दोन नावे, हा घोळ कोशात बसून सुटत नाही. तिसरे, वनखात्याच्या व महसुली दफ्तरांत गवत कापण्याचे परवाने, दंड व सवलती यांच्या ज्या नोंदी आहेत, त्या छपरांचा इतिहास म्हणून पुन्हा वाचाव्या.

यांपैकी पहिले काम सर्वांत निकडीचे आहे. दफ्तरे थांबतील, गवतही पुष्कळ अंशी परत उगवेल. परंतु आतला माणूस वरच्या माणसाला दोर ओढताना जी हाक देतो, ती देणारे आता वयोवृद्ध झाले आहेत. येत्या वैशाखात ज्या थोड्या घरांवर, गोठ्यांवर आणि शेतातील मांडवांवर गवत चढेल, तेथे आपल्या विभागाचा एखादा तरी विद्यार्थी वही घेऊन उपस्थित असावा.